बत्तीपर्यंतची वाट

रत्नागिरी शहराच्या पश्चिमेला डोंगराची एक सोंड समुद्रात शिरली आहे. तिच्यावर रत्नदुर्ग किल्ला उभा आहे. किल्ल्यात भगवतीचे देऊळ असल्यामुळे बरेच लोक त्याला भगवती किल्ला म्हणतात. किल्ल्याचा आकार घोड्याच्या नालेसारखा आहे आणि त्याच्या तीन बाजूंना पाणी आहे. बहामनी राजवटीत बांधलेला हा किल्ला 1670 मध्ये शिवाजी महाराजांनी जिंकला. पुढे तो आंग्र्यांकडे आणि पेशव्यांकडे होता. 1818 मध्ये तो इंग्रजांच्या हाती गेला. त्याच्या सिद्धा बुरुजावर 1867 मध्ये दीपगृह उभे राहिले. मुंबईजवळच्या खांदेरी बेटावरचे दीपगृहही त्याच वर्षीचे.

किल्ल्याच्या पायथ्याशी मिरकरवाडा हे मच्छीमारांचे बंदर आहे. आमचे घर तेथेच आहे. घरात आम्ही कोकणी बोलतो, शाळेत उर्दू आणि बाजारात मराठी. त्यामुळे दीपगृहाला आमच्याकडे नावे पुष्कळ. उर्दूत आपण त्याला 'रोशनी का मीनार' म्हणतो. 'मीनार' हा शब्द अरबी 'मनारा' या शब्दावरून आला आहे. 'मनारा' आणि 'नूर' हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून झाले आहेत. म्हणजे मीनार ही मुळात उजेडाचीच जागा! पण समुद्रावर जाणाऱ्या माणसांना इतके लांब बोलायला सवड नसते. ते नुसते 'बत्ती' म्हणतात.

माझे अब्बा चाळीस वर्षे मासेमारीच्या होडीवर होते. आधी खलाशी, मग तांडेल. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांना काचबिंदू झाल्याचे कळले. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली तेवढी औषधाने सांभाळायची, असे डॉक्टरांनी सांगितले. अब्बांना समोरचे दिसे, पण बाजूचे दिसत नसे. त्यांनी मुकाट्याने होडी सोडली. दिवसभर ते ओट्यावर बसून राहत. बोलणेही कमी झाले होते.

एक दिवस ते मला म्हणाले, "बाळा, मला एकदा बत्तीपाशी ने."

"अब्बा, तुम्ही तर ती रोज पाहिली आहे!"

"पाण्यातून पाहिली. जमिनीवरून कधी गेलो नाही."

मला नवल वाटले, पण ते खरेच होते. होडी बंदराला लागली की मासळीचा लिलाव, जाळ्यांची दुरुस्ती, डिझेल, बर्फ. शेजारचा डोंगर चढायला त्यांना चाळीस वर्षांत वेळ मिळाला नव्हता.

पुढच्या रविवारी आम्ही दुपार कलल्यावर निघालो. किल्ल्याच्या पेठेतून वर चढलो आणि तटाच्या कडेने चालू लागलो. एका बाजूला तटाचा दगड, खाली खोलवर लाटा आणि दुसऱ्या बाजूला वाळलेले गवत. अब्बांचा एक हात माझ्या खांद्यावर होता आणि दुसरा तटावर. पायरी आली की मी सांगत असे. डोळ्यांनी जे दिसत नव्हते, ते त्यांना वाऱ्याने आणि आवाजाने कळत होते. एका वळणावर थांबून ते म्हणाले, "खाली खडक आहे. ऐक, लाट फुटते आहे." मी वाकून पाहिले. खरोखरच काळा खडक पांढऱ्या फेसात बुडत होता.

वाटेत ते लहानपणच्या गोष्टी सांगू लागले. तेव्हा मुंबईची बोट खोल पाण्यात उभी राहत असे आणि उतारूंना पडावातून किनाऱ्यावर आणत. रात्री बोट आली की सारा गाव कंदील घेऊन जमे. कितीतरी दिवसांनी मी त्यांना इतके बोलताना ऐकत होतो.

दीपगृहापाशी पोहोचलो तेव्हा सूर्य बुडायला आला होता. अब्बांनी मनोऱ्याच्या भिंतीवर तळहात ठेवला आणि ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "मला वाटले होते, फार उंच असेल."

मनोरा उंच नव्हता, डोंगर उंच होता. पृथ्वी गोल असल्यामुळे दिवा जितका उंच, तितका तो लांबून दिसतो. समुद्रसपाटीपासून शंभर मीटर उंचीवरून क्षितिज सुमारे 36 किलोमीटरवर असते. म्हणून दीपगृहासाठी उंच कडा निवडतात. पूर्वी दीपगृहांत तेलाचे दिवे जळत. त्यांचा उजेड चारी दिशांना विखरून जाई. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने काचेच्या अनेक कड्यांचे भिंग तयार केले. 1823 मध्ये ते प्रथम एका दीपगृहात बसवण्यात आले. त्यामुळे विखुरलेला उजेड एकवटून दूरवर जाऊ लागला.

खालून मगरिबची अजान ऐकू आली. थोड्याच वेळात बत्ती लागली. अब्बा डोळे मिटून आकडे मोजू लागले आणि बरोबर झोत येण्याच्या क्षणी त्यांनी डोळे उघडले. ते हसून म्हणाले, "तीच आहे."

प्रत्येक दीपगृहाची उघडझाप वेगळी असते. किती झोत आणि त्यांच्यामध्ये किती सेकंद, हे ठरलेले असते. त्यावरून अंधारातही खलाशी ओळखतो, की ही बत्ती रत्नागिरीची, जयगडची की देवगडची.

"आता होड्यांवर जीपीएस आहे," मी म्हणालो. "बत्तीची गरज उरली आहे का?"

"यंत्र चांगलेच आहे," अब्बा म्हणाले. "पण ते बंद पडले तर? आणि एक लक्षात ठेव. नवशिका तांडेल बत्ती दिसली की होडीचे तोंड तिच्याकडेच करतो. तो खडकावर जाऊन आपटतो. बत्ती 'ये' म्हणत नाही. 'तू इथे आहेस' एवढेच सांगते. सुकाणू आपल्याच हातात ठेवायचे."

हे वाक्य मी वर्गात पुष्कळदा आठवतो. विद्यार्थ्याने शिक्षकाच्याच मागे मागे यावे, असे शिक्षकाला वाटू नये. मूल कोठे आहे, खडक कोठे आहे, हे त्याला स्पष्ट दिसेल एवढा उजेड शिक्षकाने द्यावा. पुढची वाट त्याची त्याने काढावी.

त्या दिवसानंतर अब्बा ओट्यावर नुसते बसून राहिले नाहीत. सकाळी ते जेटीवर जातात. तेथे जाळे विणताना हातांना फारशी नजर लागत नाही. तरुण खलाशी त्यांच्याभोवती बसतात आणि वारा, ओहोटी, खडक यांविषयी विचारतात. अब्बा सांगतात. होडी मात्र ज्याची त्याने हाकायची असते.