मशीद बंदरची मशीद

अब्बांचं चिखलीत किराणा दुकान होतं. रमजान जवळ आला की ते मलकापूरहून रात्रीची गाडी धरायचे आणि सकाळी मशीद बंदर गाठायचे. खजूर, सुका मेवा, मसाले तिथे ठोक भावात मिळत. मी नववीत असताना पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेलो. स्टेशनवरची पाटी वाचून विचारलं, "अब्बा, ही मशीद कुठली?" ते म्हणाले, "असेल इथंच कुठं तरी. मुंबईत मशिदींना काय तोटा?"

हे उत्तर मी पुढची तीस वर्षं खरं मानून चाललो. जवळच जकारिया मशीद आहे, तेव्हा शंका घ्यायचंही कारण नव्हतं. मग एकदा वाचनात आलं, की या स्टेशनाच्या नावातली मशीद बहुधा आपली नव्हेच. ती ज्यूंची. मराठी बोलणारे बेने इस्रायल आपल्या प्रार्थनास्थळाला 'मशीद' म्हणत आले आहेत. 1796 साली सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी मांडवी भागात मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. लोक त्याला 'जुनी मशीद' म्हणू लागले आणि स्टेशनाचं नाव त्यावरून पडलं, असं सांगतात. आपले लोक त्या दिवेकरांना सामाजी हसाजी म्हणत. ते कंपनीच्या फौजेत अधिकारी होते.

त्यांची एक कथाही सांगितली जाते. म्हैसूरच्या लढाईत दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. मारायची वेळ आली तेव्हा त्यांना जात विचारली गेली. त्यांनी 'बेने इस्रायल' असं सांगितलं. ते ऐकून टिपूची आई म्हणाली, या लोकांचा उल्लेख कुरआनात आहे, यांना जीवदान द्या. जिवंत परतलो तर प्रार्थनास्थळ बांधीन, असा नवस दिवेकर बोलले होते, तो त्यांनी फेडला. कथा शब्दशः खरी असो वा नसो, ती ज्यूंनी सांभाळून ठेवली आणि आपण विसरलो, याची मला लाज वाटली.

लाज वाटायला दुसरंही कारण होतं. आमच्या घरात 'यहूदी' ही एक शिवी होती. कोणी दमडी सोडत नसेल तर तो यहूदी. मदरशात मी पंधराव्या सिपाऱ्याची सुरुवात पाठ केली होती. त्या सूरहचं एक नाव 'बनी इस्राईल'च आहे. मूसा, दाऊद, सुलेमान, याकूब या सगळ्यांची नावं आम्ही अलैहिस्सलाम म्हटल्याशिवाय घेत नाही. आणि त्यांची लेकरं मात्र शिवीत. मी शिकलो, नोकरीला लागलो, तरी ही शिवी सुटली नाही. गाझाच्या बातम्या रोज येऊ लागल्या तेव्हा तर तिला धार चढली. एका रात्री जेवताना मी रागात म्हणालो, "हे यहूदी असतातच असे." माझ्या मुलीने विचारलं, "पप्पा, तुम्ही एखादा तरी पाहिलाय का?"

पाहिला नव्हता. आमच्या बुलढाण्यात सैलानी बाबांचा दर्गा आहे, शेगावला गजानन महाराज आहेत, लोणारला उल्केचं विवर आहे, पण ज्यू कुठे भेटणार? म्हणून मुंबईचं काम निघालं तेव्हा एक दिवस काढला, गेटवेहून मांडव्याची लाँच धरली आणि अलिबागला गेलो.

अलिबागेत इस्रायल आळी नावाची आळी आहे. तिथे 1848 साली स्थापन झालेलं 'मागेन आबोत' हे सिनेगॉग आहे. आळीत आता ज्यूंची घरं थोडीच उरली आहेत. एका घरापुढे एक म्हातारे गृहस्थ खुर्ची टाकून बसले होते. मी सलाम करावा की नमस्कार, या गोंधळात नमस्कार केला. "काका, मी बुलढाण्याचा," म्हणालो आणि नाव सांगितलं. ते म्हणाले, "लांबून आलात. बसा. चहा घ्याल ना?" नाव ऐकल्यावर माझं मराठी फार छान आहे, असं ते म्हणाले नाहीत. हे वाक्य मला आयुष्यात किती वेळा ऐकावं लागलंय, ते माझ्या वाचकांना सांगायला नको.

काकांनी जे सांगितलं ते असं. फार जुन्या काळी नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बुडालेल्यांना तिथेच पुरलं. वाचलेले लोक गावोगाव पसरले आणि तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. ज्या गावी राहिले त्या गावाचं आडनाव घेतलं. किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, दिव्याचे दिवेकर.

मग काका सणांकडे वळले आणि मी चकित होत गेलो. उपवासाला त्यांच्याकडे 'रोजा' म्हणत. वालाचं बिरडं खाऊन जो पाळायचा, तो 'बिरड्याचा रोजा'. महिनाभर उपवास धरायची एक जुनी रीत होती, तिचं नाव चक्क 'रमजान'. नवस फेडायचा तर एलियाहू हनाबींच्या, म्हणजे आपल्या हजरत इलियासांच्या, नावाने मलिदा करायचा. आमच्याकडे दर्ग्यावरचा मलिदा चपाती कुस्करून, तूप-गूळ घालून होतो. त्यांचा पोहे, खोबरं, गूळ आणि फळांचा. अलिबागजवळ खंडाळ्याला एक खडक आहे. एलियाहूंच्या रथाच्या चाकोऱ्या त्यावर उमटल्या आहेत अशी त्यांची श्रद्धा. लग्नात वधूला मेंदी आणि हिरवा चुडा. एकोणिसाव्या शतकात त्यांच्यातल्या लोकांनी बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तनं रचली आणि मंडळी जमवून ती केली.

चहा संपत आला तेव्हा मी विचारलं, "काका, सगळे इस्रायलला गेले, मग तुम्ही का नाही गेलात?"

काका माझ्याकडे बघत राहिले. रागावले नाहीत. म्हणाले, "तुमच्या आजोबांना हे कोणी विचारलं नव्हतं का?"

विचारलं होतं. आजोबांना विचारलं होतं, अब्बांना दुकानात विचारलं होतं, मला वसतिगृहात विचारलं होतं. फक्त देशाचं नाव वेगळं होतं. जो प्रश्न ऐकून मी कितीदा ताटावरून उठलो, तोच मी त्यांच्या ओट्यावर बसून, त्यांचाच चहा पिऊन विचारला होता. मी माफी मागितली. ते म्हणाले, "असू द्या. पोरं तिकडं आहेत. दोनदा जाऊन आलो. पण मला इथली भाषा आणि इथला पाऊस लागतो."

जे गेले त्यांचंही सोपं झालं नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात वीस हजारांच्या आसपास बेने इस्रायल होते. आज भारतातले सगळे ज्यू मिळून चार-पाच हजार असतील. इथे कोणी त्यांना हाकललं नव्हतं. पण तिकडे गेल्यावर तिथल्या धर्मगुरूंनी शंका काढली, की तुम्ही खरे ज्यू कशावरून? लग्न लावण्याआधी वंशावळ तपासायचे हुकूम निघाले. निदर्शनं झाली, आणि शेवटी 1964 साली तिथल्या संसदेला जाहीर करावं लागलं, की बेने इस्रायल सर्व बाबतींत ज्यूच आहेत. तरी ही माणसं मराठी विसरली नाहीत. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक त्यांनी इस्रायलमधून काढलं. कागदपत्रं दाखवून आपण कोण ते सिद्ध करा, हे ऐकायला कसं वाटतं, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

परतल्यावर मी वाचत राहिलो. हंगेरीत माद नावाचं एक लहान गाव आहे, तोकाई भागातलं, द्राक्षबागांचं. तिथले ज्यू द्राक्षदारूचा व्यापार करत. त्यांनी 1795 साली सिनेगॉग बांधलं, म्हणजे दिवेकरांच्या मशिदीच्या एक वर्ष आधी. ती इमारत आजही आहे, डागडुजी करून सुंदर ठेवली आहे. पण आत प्रार्थना करणारी वस्ती 1944 साली संपली. त्या वर्षी मे ते जुलै, अवघ्या आठ आठवड्यांत, हंगेरीतून सुमारे 4 लाख 37 हजार ज्यूंना रेल्वेत कोंबून नेलं, बहुतेकांना ऑशवित्झला. नेणारे जर्मन होते, पण घराघरांतून माणसं बाहेर काढणारे पोलीस हंगेरीचेच होते. त्याच देशातले, तीच भाषा बोलणारे. त्याआधी कित्येक वर्षं तिथेही कुठल्या तरी घरात जेवताना कोणी तरी म्हणत असणार, हे लोक असतातच असे.

अलिबाग आणि माद, दोन्हीकडे इमारती आहेत आणि माणसं थोडी किंवा नाहीत. पण मादची माणसं नेली गेली, अलिबागची आपल्या मर्जीने गेली. हा फरक फार मोठा आहे, आणि त्याचं श्रेय कोकणातल्या शेजाऱ्यांना आहे, त्यात मुसलमानही आले. कोलकात्याच्या सिनेगॉगची देखभाल पिढ्यान्‌पिढ्या मुसलमान कुटुंबं करत आली आहेत, आणि तिथल्या ज्यूइश गर्ल्स स्कूलमध्ये आज बहुतेक मुली मुसलमान आहेत.

काही वाचक विचारतील, मग गाझाचं काय? गाझातल्या लेकरांसाठी माझी दुआ थांबलेली नाही आणि त्यांना मारणाऱ्या सरकारवरचा माझा राग तसाच आहे. तो राग मला त्या सरकारवरच ठेवायचा आहे. काबूलमध्ये किंवा कराचीत काही घडलं, की चिखलीतल्या दुकानदाराने त्याचा जाब द्यावा, हे आपण मान्य करत नाही. मग तेल अवीवचा जाब अलिबागच्या म्हाताऱ्याकडे कसा मागायचा?

यंदा रमजानआधी मशीद बंदरला खजूर आणायला गेलो, तेव्हा मुलीला बरोबर नेलं. पाटी वाचून तिने तोच प्रश्न विचारला. मी तिला सामाजी हसाजींची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. एका दुकानदाराने भावात एक रुपयाही सोडला नाही, तेव्हा जुनी सवय जिभेवर आली होती. मी नुसतं म्हणालो, "फार कंजूष आहे हा माणूस."