घरी सांगण्याची गोष्ट

समलिंगी किंवा ट्रान्स मुलाने वा मुलीने आपली ओळख दुसऱ्याला सांगणे याला इंग्रजीत ‘कमिंग आउट’ म्हणतात. कपाटातून बाहेर येणे हे त्यामागचे रूपक. मराठीत ते नीटसे रुजले नाही. दोन खोल्यांच्या घरात मुलाला स्वतःचे कपाट नसतेच. असते ते आईचे, आणि किल्लीही तिच्याच ताब्यात. म्हणून ही मुले एकमेकांना साधा प्रश्न विचारतात, ‘घरी सांगितलंस का?’ ‘बाहेर येणे’ या शब्दांत एकच माणूस आहे. ‘घरी सांगणे’ म्हटले की ऐकणाराही आला. या विषयावरची कथा वाचकाला कितपत आत घेते, हे बहुतेक वेळा या ऐकणाऱ्यावर ठरते.

विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ 1981 साली रंगभूमीवर आले. विनय आपटे यांचे दिग्दर्शन आणि मित्राच्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडी. काळ 1940 च्या दशकातला, वातावरण कॉलेजचे. सुमित्रा म्हणजे मित्रा हिचे मन एका मुलीवर जडते, पण ही गोष्ट सांगतो बापू हा तिचा मित्र. तो बुजरा आहे, तिच्यावर त्याचा जीव आहे आणि ऐन वेळी तो कमी पडतो. त्या काळच्या प्रेक्षकाला मित्राच्या जागी बसणे अवघड गेले असते. बापूच्या जागी बसायला त्याला काहीच श्रम पडत नाहीत. बसल्यावर लक्षात येते की ही जागा निर्दोष माणसाची नाही. तेंडुलकरांनी प्रेक्षकाला शिकवले नाही, त्याला साक्षीदार केले. शेवटी मित्रा जीव देते. 1981 मध्ये तो शेवट धाडसाचा असेल. आज नवोदित लेखकाने तो उचलला तर तो आळस ठरतो.

सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी 2006 ची. पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरात एक पेइंग गेस्ट येतो. घरातला मुलगा तनय आणि त्याची बहीण अनुजा, दोघेही त्याच्या प्रेमात पडतात. त्याचे नाव कादंबरीत कुठेही येत नाही. पहिला भाग तनय त्याला उद्देशून बोलतो, दुसरा अनुजाच्या रोजनिशीतून उलगडतो. अनुजा त्याच्याबरोबर निघून जाते आणि सहा महिन्यांनी एकटी परत येते. मग घर हलते. रडारड, डॉक्टर, नातेवाइकांपासून लपवाछपवी, सगळे सुरू होते. तिचे दुःख घराला लाजिरवाणे वाटते, तरी ते दुःख आहे हे घराला मान्य असते. तनयचे दुःख त्याच माणसासाठी, त्याच घरात, भिंतीपलीकडे. पण त्याला नाव नाही, म्हणून सांत्वनही नाही. कादंबरी हा फरक कुठेही बोलून दाखवत नाही. दोन भाग शेजारी ठेवते आणि तुलना वाचकावर सोपवते. सहानुभूती मागितलेली नसल्यामुळेच ती मिळते, असे या रचनेबद्दल म्हणता येईल. जेरी पिंटो यांनी 2013 मध्ये तिचा इंग्रजी अनुवाद केला. 2022 मध्ये कुंडलकरांनीच तिच्यावर चित्रपट केला, तेव्हा कथा पुण्याहून केरळात गेली.

चेतन दातारांचे ‘एक माधवबाग’ हे नाटक आईच्या बाजूने बोलते. मोना आंबेगावकर यांनी त्याचे प्रयोग केले. भारतीय इंग्रजीतल्या कुमारकादंबऱ्यांनीही हीच वाट धरलेली दिसते. हिमांजली शंकर यांच्या ‘टॉकिंग ऑफ मुस्कान’मध्ये मुस्कानची गोष्ट तिचे तीन वर्गमित्र सांगतात. पायल धर यांच्या ‘स्लाइटली बर्न्ट’मध्ये साहिल आपली गोष्ट जिवलग मैत्रिणीला सांगतो आणि पुढचा सगळा गोंधळ त्या मैत्रिणीचा, कोमलचा असतो. ही दोन्ही पुस्तके 2014 ची आहेत.

मराठीत लिहिणाऱ्यापुढे आणखी एक अडचण असते, आणि तीच त्याचे भांडवलही होऊ शकते. मराठी क्रियापद सहसा लिंग लपवू देत नाही. ‘तो आला’, ‘ती आली’. फोनवरचे अर्धे वाक्य ऐकूनही घराला पत्ता लागतो. मग मुले व्याकरणातल्या पळवाटा शोधतात. ‘कुणीतरी आहे’ ही पहिली, कारण नपुंसकलिंग कुणाचे नाव घेत नाही. दुसरी अधिक नामी. ‘व्यक्ती’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे. मुलगा आत्याला सांगतो, ‘एक व्यक्ती आहे, ती मला आवडते.’ वाक्य शुद्ध, एक अक्षर खोटे नाही, आणि आत्या त्या रात्री होणाऱ्या सुनेचा विचार करत झोपते. असा एक संवाद कथेत आला की लपवण्याचा रोजचा शीण दोन ओळींत कळतो. शिवाय पुढे आत्याला खरे कळते तेव्हा ‘तू फसवलंस’ असे म्हणायची सोय तिला उरत नाही.

ट्रान्स मुलीच्या बाबतीत हा खेळ प्रथमपुरुषापर्यंत येतो. ‘मी जातो’ म्हणवत नाही आणि ‘मी जाते’ म्हणायची छाती होत नाही. पण ‘मी येईन’, ‘मी पाहिलं’, ‘मला वाटलं’ या रूपांत लिंग नसते. लेखकाने अशा पात्राचे वीस पाने संवाद याच रूपांत लिहावेत. वाचकाला काहीतरी अडखळते आहे एवढेच जाणवेल. मग एका सकाळी चपला घालताना तिने ‘मी निघते’ म्हणावे. सगळे सांगणे त्या एका मात्रेत होते. (कोल्हापूरकडच्या घरात ही युक्ती चालणार नाही, तिथे बायकाही ‘मी येतो’ म्हणतात. पात्राचे गाव ठरवल्याशिवाय संवाद लिहू नयेत, ते यासाठीही.)

प्रत्यक्ष सांगण्याचा प्रसंग हा अशा कथेचा कस. पहिल्या मसुद्यात तो बहुधा असा उतरतो: मुलगा आईसमोर बसतो, आपण गे आहोत हे सांगतो, लगेच हा आजार नाही, निसर्गात असेच असते, कायदाही बदलला आहे, हे सगळे ओळीने सांगतो. आई रडते आणि त्याला मिठीत घेते. यातले प्रत्येक विधान बरोबर आहे आणि प्रसंग मेलेला आहे. मुलगा आईशी बोलत नाही, तो तिच्या डोक्यावरून वाचकाशी बोलतो. माहिती देणे हे पुस्तिकेचे काम. ते कथेच्या गळ्यात घातले की दोन्ही बिघडते.

दुसरा मसुदा असा होऊ शकतो. आई गवार मोडते आहे. मुलगा एक वाक्य बोलतो, तेही अर्धे. आईचे हात थांबत नाहीत. ती म्हणते, ‘उद्या गॅसवाला येणारे. घरी थांबशील ना?’ तो ‘हो’ म्हणतो. भाजी फोडणीला पडते, जेवणे होतात. रात्री दिवा मालवल्यावर अंधारातून तिचा आवाज येतो, ‘अजून कुणाला माहितीय?’ हा प्रश्न प्रेमाचा की भीतीचा, हे लेखकाने सांगायचे नाही. दोन्ही असू शकते, आणि त्या घराला आतून ओळखणाऱ्या वाचकाला ते पुरते. त्या आईचे ‘बाबांना मी सांगते, तू नको’ हे वाक्य पंधरा पानांनंतर आले, तर तिने तेवढ्या पानांत काय काय पार केले ते मोजायला वाचकाकडे माप असते. ऐकणाऱ्याला बदलायला वेळ द्यावा लागतो. मिठीवर संपणारी कथा तो वेळ खाऊन टाकते.

सांगणाऱ्या पात्राचीही काळजी हवी. त्याला गुणी, हुशार, सोशिक केले की तो ‘आपल्यातला’ होण्यासाठी परीक्षा देत असल्यासारखा वाटतो. चिडका, क्वचित खोटे बोलणारा, बहिणीचे पैसे उधळणारा मुलगाही चालतो. ‘कोबाल्ट ब्लू’तली भावंडे काही आदर्श नाहीत. सांगणे एकदाच होत नाही हेही ध्यानात ठेवावे लागते. मित्राला, बहिणीला, आईला, नोकरीच्या ठिकाणी, घरमालकाला, प्रत्येक वेळी नव्याने. आणि पुष्कळदा ते मुलाच्या मनाने होतच नाही. विसरून उघडा राहिलेला फोन किंवा चालून आलेले स्थळ ते करवून घेते.

कथेचे साल पक्के असणे ही बाब वरकरणी किरकोळ दिसते. दिल्ली उच्च न्यायालयाने 2 जुलै 2009 रोजी समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 मधून सज्ञानांचे संमतीचे खासगी संबंध वगळले, सर्वोच्च न्यायालयाने 11 डिसेंबर 2013 रोजी तो निर्णय फिरवला आणि 6 सप्टेंबर 2018 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो गुन्हा कायमचा पुसला. 2012 मधल्या आणि 2015 मधल्या पात्राची भीती त्यामुळे सारखी नसते. लग्नाचा हक्क मात्र 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालानेही मिळाला नाही, म्हणून ‘पुढे काय?’ या आईच्या प्रश्नाला आजही सरळ उत्तर नाही.

कथा वाचून मन खरेच बदलते का, यावर संशोधकांत वाद आहे. लोरिस वेझाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातली एक नोंद लेखकाच्या उपयोगाची आहे. इटलीतल्या हायस्कूलच्या विद्यार्थ्यांत ‘हॅरी पॉटर’ वाचणाऱ्यांचा समलिंगी लोकांकडे पाहण्याचा दृष्टिकोन अधिक मोकळा आढळला, पण हॅरीशी ज्यांचे नाते जुळले होते त्यांचाच. त्या सात पुस्तकांत आपण समलिंगी आहोत असे घरी सांगणारा एकही मुलगा नाही. वाचक कुणाच्या खांद्यावर बसून गोष्ट पाहतो, यालाच मोल होते.

‘कोबाल्ट ब्लू’ आणि ‘मित्राची गोष्ट’ मोठ्यांसाठी आहेत. दहावीतल्या मुलाच्या हाती निर्धास्त देता येईल अशी मराठी कादंबरी सहज हाताशी लागत नाही. ती लिहायला घेणाऱ्याने ओळख सांगणाऱ्या मुलाला निवेदक करण्याआधी, त्याच्याच बाकावर शेजारी बसणाऱ्याकडून गोष्ट सांगवून पाहावी.