तांबडी दोरी

सावकाराला लिहून दिलेला कागद एक वेळ फिरवितां येईल, पण नातवाला दिलेला शब्द फिरवितां येत नाहीं, हें वाचकांपैकीं जे आजोबा झाले असतील त्यांना सांगावयास नको. गेल्या उन्हाळ्यांत आमच्या आठ वर्षांच्या नातवानें आपल्या आईच्या फोनवर चार जाड चाकांची एक लहानशी मोटार पाहिली. बसावयास घोड्यासारखी, वळवावयास सायकलीसारखी, आणि चाकें मात्र ट्रॅक्टरच्या पिलासारखीं. ती पाहतांच त्यानें विचारलें, “आबा, ही आपल्या शेतांत चालेल का?” आम्हीं “चालेल कीं” असें म्हणालों. प्रश्न केवळ गाडीविषयीं होता. उत्तर देतांना आम्ही केव्हां बांधले गेलों, तें आमचें आम्हांला कळलें नाहीं.

आमचें गांव मूल तालुक्यांत, चंद्रपूरहून गडचिरोलीस जाणाऱ्या रस्त्यापासून थोडें आंत आहे. एका अंगाला धानाच्या बांध्या, दुसऱ्या अंगाला बोडी, आणि बोडीपलीकडून रान सुरू होतें. आमच्या लहानपणीं आजोबांची रेंगी होती, आणि तिच्या बैलांचा कासरा क्षणभर तरी हातांत मिळावा म्हणून आम्हीं केलेले हट्ट अजून आठवतात. आज गोठ्यांत बैल नाहींत. नांगरटीला ट्रॅक्टर भाड्यानें येतो. नातवाच्या हातीं कासरा द्यावा तर तो कशाचा, असा कांहींसा कोमल विचार त्या वेळीं आमच्या मनांत आला असावा. पुढें जें घडलें त्याचा थोडासा दोष त्या विचाराकडेही जातो.

गाडी परदेशी बनावटीची, आणि तशा गाड्यांत स्वस्तांतली स्वस्त होती. म्हणजे एका बऱ्या दुभत्या म्हशीच्या किमतींत ती आम्हांस मिळाली. जाहिरातींत तिचे रंग चार दिले होते. ती कोणत्या वयाच्या मुलासाठीं, तें दिलेलें नव्हतें. दिवाळीच्या आठ दिवस आधीं ती ट्रकमधून उतरली, ती गाडी म्हणून नव्हे, तर लोखंडी पिंजऱ्यांत बसविलेला एक पुठ्ठ्याचा पेटारा म्हणून. आंत सांगाडा व इंजिन जोडलेलें होतें; चाकें, हँडल, पुढचा गज, बॅटरी व बैठक सुटीं होतीं; आणि एका पिशवींत नटबोल्टांचा खुर्दा होता. सोबत एक पुस्तिका होती. तिची इंग्रजी शब्दकोशाच्या आधारानें लिहिलेली व व्याकरणाच्या आधाराशिवाय छापलेली दिसली. म्हणून आम्हीं ती बाजूस ठेविली. चाळीस वर्षें आम्हीं हायस्कुलांत पदार्थविज्ञान शिकविलें आहे. ज्याला न्यूटनचे नियम ठाऊक आहेत त्याला चार चाकें बसवितां येऊं नयेत, हें आमच्या अभिमानाला पटण्यासारखें नव्हतें.

चाकें बसलीं, हँडलही बसलें. पिशवींत मात्र कांहीं बारीक वस्तु उरल्या, आणि त्या जादा म्हणूनच दिल्या असाव्यात असा उदार अर्थ आम्हीं लाविला. पेट्रोल घातलें, बॅटरीच्या तारा लाल-काळ्या जुळवून जोडल्या, नातवाला साक्षी ठेवून बटन दाबलें, आणि गाडीनें हूं कीं चूं केलें नाहीं.

पुढचे दोन दिवस आमच्या आयुष्यांतील अत्यंत उद्योगी दिवसांपैकीं होते. ब्रेकची दांडी दाबून धरल्याखेरीज सेल्फ लागूच नये अशी त्या गाडींत योजना आहे, हा शोध आम्हांस पहिल्या दुपारीं लागला. सेल्फ फिरूं लागला, पण इंजिन घेईना. तेव्हां पेट्रोलचा कॉक बंद असल्याचें दिसलें. तो उघडला, तर कार्बोरेटरमधून पेट्रोल बाहेर वाहूं लागलें. आंतला तरंगता गोळा अडकला असेल असें वाटून पेचकसाच्या मुठीनें वाटीवर दोन हलके ठोके दिले. गळती थांबली, आणि आमची छाती दोन इंच फुगली. एवढें झालें तरी इंजिन मुकें तें मुकेंच. शेवटीं प्लग काढून तो इंजिनाच्या अंगाला टेकवून पाहिला. ठिणगीचा पत्ता नव्हता.

ठिणगी नाहीं म्हटल्यावर आम्ही वायरींच्या जंगलांत शिरलों. बैठकीच्या मागच्या बाजूस एक लहानसा स्विच होता, त्यावर एक खुंटी होती, व खुंटीवर कांहींच नव्हतें. आमच्या एका भाच्यानें फोनवरून उलगडा केला. त्या खुंटीवर एक टोपी बसते; टोपीला तांबडी, स्प्रिंगसारखी गुंडाळलेली दोरी असते. गाडीच्या मागून चालणाऱ्या मोठ्या माणसानें ती हातांत धरावयाची. पोर भलतीकडे निघालें कीं दोरी ओढावी. टोपी निघते, ठिणगी तुटते, गाडी थांबते. टोपी नसेल तर गाडी सुरूच होत नाहीं.

ती दोरी आम्हीं पाहिली होती. पुठ्ठे बांधण्याची असावी असें समजून पुठ्ठ्यांबरोबरच आम्हीं ती उकिरड्यावर टाकिली होती. भाच्यानें सहज म्हणून असेंही सांगितलें कीं, त्या स्विचची जोडणीच काढून ठेविली तर टोपीवांचून काम भागतें. खरें म्हणजे उकिरडा शंभर पावलांवर होता. पण दोन दिवस हरलेल्या माणसाला शंभर पावलें फार वाटतात. आम्हीं जोडणी ओढून काढिली, ब्रेक दाबला, बटन दाबलें, आणि इंजिन पहिल्याच झटक्याला धडधडूं लागलें. आमच्या हातून एवढा यशस्वी प्रयोग शाळेंतही कधीं झाला नव्हता.

आतां बसावयाची पाळी नातवाची. तो डोक्यावर शिरस्त्राण चढवून तयारच होता. परंतु त्याच्या आजीनें चिवड्याची वाटी संपल्याखेरीज हलावयाचें नाहीं अशी अट घातली, आणि तो ओट्यावर बसून भराभर तोंड भरूं लागला. तेवढ्या वेळांत गाडीचें तोंड फाटकाकडे करून ठेवावें म्हणून आम्हीं ब्रेक सोडला, शेजारीं उभे राहून हँडल डावीकडे पूर्ण वळविलें, आणि त्याच क्षणीं इंजिनाचा आवाज चढला. आम्हीं रेसच्या खटक्याला बोटही लाविलें नव्हतें. हातांतून हँडल हिसकलें गेलें आणि गाडी रिकाम्या पाठीनें अंगणभर धांवत, एका कुंडीचा चुराडा करीत, हलक्या धानाच्या तणसाच्या ढिगांत घुसली. चाकें तेथेंही फिरतच होतीं; सायलेन्सर तापलेला, आणि भोंवतीं वाळलेलें तणस. आम्ही कसे धांवलों व किल्ली कशी फिरविली तें आठवत नाहीं. आठवतें तें एवढेंच कीं, मागें वळून पाहिलें तेव्हां नातू वाटी हातांत धरून उभा होता, आणि तिच्या तळाशीं अजून दोन घांसांचा चिवडा शिल्लक होता.

दुसऱ्या दिवशीं मूलहून मिस्त्री आला. आपल्या स्प्लेंडरवरून उतरून तो गाडीजवळ उकिडवा बसला, आणि इंजिनावरून हात फिरवून हंसला. “काकाजी, हा तं आपल्या स्प्लेंडरचाच भाऊ आहे जी! याले कायले भेता?”

त्याचें म्हणणें आम्हीं मागाहून पडताळून पाहिलें, आणि तें अक्षरशः खरें निघालें. सोइचिरो होंडा यांनीं १९४६ सालीं लष्कराच्या टाकाऊ यंत्रांतलीं लहान इंजिनें सायकलींना बसवून धंदा सुरू केला, आणि १९५८ सालीं त्यांच्या कारखान्यानें सुपर कब ही दुचाकी काढली. २०१७ पर्यंत त्या वंशाच्या दहा कोटी गाड्या तयार झाल्या. भारतांत १९८५ च्या सीडी १०० मधून व १९९४ च्या स्प्लेंडरमधून तेंच घराणें आलें. चीनमधील कारखान्यांनीं त्याच नमुन्यावर इंजिनें ओतून तीं जगभर धाडलीं. स्प्लेंडरच्या सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर, आणि दट्ट्याची धांव ४९.५, आमच्या पाहुणीचा व्यास ५२.४, आणि धांव पुन्हां तीच ४९.५. मूळच्या सुपर कबमध्यें एक मोठी सोय होती. नूडल्स पोंचविणाऱ्या पोऱ्याला एका हातांत ताट धरून एका हातानें गाडी चालवितां यावी म्हणून क्लच हातानें दाबावाच लागूं नये, इंजिनाचा वेग वाढला कीं तो आपोआप धरावा, अशी तिची रचना होती. आमच्या गाडींत तीच रचना, आणि गिअर तर एकच. म्हणून रेस चढतांच ती कोणाच्या परवानगीची वाट न पाहतां चालूं लागली. टोकियोच्या पोऱ्याचा हात जिनें मोकळा केला, तिनेंच आमच्या अंगणांतली कुंडी फोडली.

पण रेस चढली कां? मिस्त्रीनें हँडल डावीकडे वळवून बोटानें दाखविलें. रेसची केबल आम्हीं हँडलाच्या मागून न्यावयाची ती पुढून नेली होती. हँडल पूर्ण वळलें कीं ती ताणली जाई व रेस आपोआप ओढली जाई. सरळ उभ्या गाडींत हा दोष दिसणें शक्य नव्हतें. तो दिसणार पहिल्या वळणावर, पाठीवर मूल असतांना. मग त्यानें एकेक करून आमचें सारें पदार्थविज्ञान बाहेर काढलें. पुढच्या एका चाकाच्या नटांतून जाणारी स्प्लिट पिन घातलेलीच नव्हती; ती आमच्या ‘जादा’ वस्तूंत निघाली. ब्रेकची तार सैल होती. टायरांत आम्हीं पंपानें दगडासारखी हवा भरली होती. तेथें चार-पांच पौंडच हवी, म्हणजे अंगठ्यानें दाबतां येईल इतकी. रेसच्या खटक्याखालीं वेग आवरणारा एक स्क्रू होता. तो त्यानें जितका आंत जाईल तितका फिरविला. आणि शेवटीं तो सुटी जोडणी हातांत घेऊन कांहीं वेळ नुसता पाहत राहिला.

“हे कोनं काढली जी?”

आम्हीं कबूल केलें. शाळेंत असतांना ज्या आवाजांत मुलें आमच्यापुढें कबूल करीत, त्याच आवाजांत.

“टोपी शोधा,” तो म्हणाला. “थो कासरा आहे जी याचा. कासऱ्याबिगर मी गाडी तुमच्या सुपूर्द नाही करत.”

सारें घर उकिरडा उकरूं लागलें. टोपी नातवालाच सांपडली.

शहाणपण आम्हीं नंतर वाचलें. बहुतेक लोक तें नंतरच वाचतात. अशा फुगीर चाकांच्या गाड्या होंडानें १९७० सालीं अमेरिकेंत आणल्या तेव्हां त्यांना तीनच चाकें होतीं. त्यांवर इतकीं मुलें व माणसें जायबंदी झालीं कीं १९८८ सालीं तेथील सरकार व कारखानदार यांच्यांत करार होऊन नव्या तिचाकी गाड्यांची विक्री थांबली. चार चाकांच्या राहिल्या. तेथील बालरोगतज्ज्ञांची संस्था सोळा वर्षांखालील मुलानें अशा गाडीवर बसूंच नये असें सांगते. तेथला नियम याहून सैल असला, तरी सहा वर्षांपुढच्या मुलांच्या गाडीची धांव तासाला पंधरा मैलांपलीकडे जाऊं नये अशी मर्यादा तो घालतोच. ११० नांवाचें आमचें इंजिन त्याहून मोठ्या मुलांच्या गाडीचें होतें. आपल्याकडे तर प्रश्न साधा आहे: १९८८ च्या मोटार कायद्याप्रमाणें अठरा वर्षांखालील मुलास रस्त्यावर मोटार चालवितां येत नाहीं, फक्त पन्नास सीसींपर्यंतच्या दुचाकीला सोळाव्या वर्षाची सवलत आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुलाच्या हातून गुन्हा घडल्यास पालकाला वा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार दंड होऊं शकतो. रस्ता गेला. रान तर आमच्यासाठीं नव्हतेंच. ताडोब्याला १९५५ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें व १९९५ सालीं ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प. पण प्रकल्पाची सीमा वाघाला वाचतां येत नाहीं, आणि आमच्या बोडीच्या चिखलांत त्याचे पंजे उमटलेले आम्हीं स्वतः पाहिले आहेत. संध्याकाळीं तिकडे आम्ही पायीं जात नाहीं, तर मुलाला इंजिनाच्या आवाजांत कान बुजवून कसें धाडणार? सारांश, जी गाडी आम्हीं रानासाठीं घेतली तिला खळ्यावरची पन्नास पावलें जागा उरली.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं कन्या आली. ती गडचिरोलीच्या एका दवाखान्यांत परिचारिका आहे, आणि मोडलेलीं हाडें तिनें आमच्यापेक्षां पुष्कळ पाहिलीं आहेत. तिला कुंडीची हकीकत सांगावी कीं न सांगावी यावर आम्हां उभयतांचा खल चालला होता. तो चालू असतांनाच नातवानें ती सांगून टाकिली, चिवड्याच्या वाटीसकट. कन्या रागावली असती तर बरें झालें असतें. तिनें एकच विचारलें, “बाबा, तुम्हाला माहीत होतं ना, ती दोरी कशाची होती ते?” आम्हीं “हो” म्हणालों. खोटें बोलण्याचा विचार मनांत आला नाहीं असें नाहीं. पण पोर समोर उभें होतें.

तिनें ठरविलें, आणि आम्हीं मान्य केलें, कीं स्वारी आणखी कांहीं वर्षांनीं. तोंवर गाडी रेंगीच्या जुन्या खोपटांत राहील. विकून टाकावी असेंही एकदां निघालें, पण त्याला नातवानें हरकत घेतली, आणि त्याची हरकत आम्हांला नवीन वाटली. गाडीवर बसावयास मिळत नाहीं याचें त्याला जितकें दुःख झालें असेल असें आम्हीं धरून चाललों होतों, तितकें तें झालेलें दिसलें नाहीं. मिस्त्रीच्या शेजारीं बसून त्यानें केबल कोठून जाते तें पाहिलें होतें, स्क्रू फिरविला होता, आणि टोपी सांपडल्यावर ती खुंटीवर बसविली होती तीही त्यानेंच.

आतां सुटी लागली कीं तो येतो. मागच्या दोन चाकांखालीं विटा रचून तीं जमिनीपासून वर उचलावयाचीं, इंजिन पांच मिनिटें चालवावयाचें, मग कॉक बंद करून कार्बोरेटरमधलें पेट्रोल काढून टाकावयाचें, कारण महिनोन्महिने सांचलें कीं तें बारीक छिद्रांत चिकटतें. हा सारा विधि त्याला पाठ झाला आहे. दोरी ओढून गाडी बंद करण्याचें काम तो कोणाला देत नाहीं. परवां मूलच्या बसमधून उतरला तो पाठीवरची पिशवी आमच्या हातांत देतांच विचारूं लागला, “आबा, टोपी कुठं ठेवली?” आम्हीं सदऱ्याच्या खिशांतून ती काढून त्याच्या हातांत दिली.