शिरक्याचा सामू

मातीपरीक्षणाच्या अहवालात ‘सामू’ हा शब्द आपल्या शेतकरी कुटुंबांनी अनेकदा वाचलेला असतो. सातच्या खाली आम्लधर्मी, सातच्या वर अल्कधर्मी, एवढे ज्ञान व्यवहाराला पुरते. हा आकडा येतो कुठून, असे विचारणारा मात्र विरळाच. आमच्या धर्मग्रामातील बारावीची मुले संध्याकाळी सभागृहात अभ्यासाला बसतात. सेमिनरीत जाण्यापूर्वी मी विज्ञान शाखेत होतो हे त्यांना ठाऊक असल्याने तो प्रश्न दरवर्षी माझ्याकडे येतो. तत्त्वज्ञान आणि ईशज्ञानाच्या थरांखालून जुने रसायनशास्त्र उकरून काढताना मला आनंदच होतो.

या मापाचा जन्म बिअर बनवणाऱ्या कंपनीने चालवलेल्या प्रयोगशाळेत झाला. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन हे डॅनिश शास्त्रज्ञ विकरांचा अभ्यास करीत होते. विकरांचे काम द्रावणाच्या आम्लतेवर अवलंबून असते आणि ती आम्लता हायड्रोजन आयनांच्या संहतीवर. पण त्या संहतीचे आकडे ०.०००००१ असे शून्यांनी भरलेले. १९०९ साली सोरेन्सन यांनी दहाचा घातांक तेवढा घेतला, त्याचे उणे चिन्ह पुसले आणि सामू हाती आला. मद्यनिर्मितीचे हे उपकार धर्मगुरूने जाहीरपणे मानावेत की नाही, हे वाचकांनी ठरवावे.

तीव्र आम्लाचे गणित सोपे आहे. एक लिटर द्रावणात ०.०१ मोल हायड्रोक्लोरिक आम्ल असेल, तर त्याचे जवळजवळ सगळे रेणू हायड्रोजन आयन सोडून देतात. संहती दहाचा उणे दोन घात, म्हणून सामू २. दहापट पाणी वाढवा, सामू ३. आकडा असा सरळ नसेल तर लॉगॅरिदम पाहावे लागते. आमच्या वेळी त्यासाठी कोष्टकांची पुस्तिका असे. आता बोटाच्या टोकावर उत्तर येते.

खरी गंमत शिरक्यात आहे. माझी आई माडीचा शिरका चिनी मातीच्या बरणीत जपून ठेवी आणि डुकराच्या मांसाच्या रश्शात तो अगदी मोजून घाली. समजा, एखाद्या शिरक्याच्या शंभर मिलिलिटरमध्ये सहा ग्रॅम ॲसिटिक आम्ल आहे. म्हणजे लिटरला साठ ग्रॅम, आणि या आम्लाचे रेणुवस्तुमान साठच असल्याने नेमका एक मोल. तेवढ्याच संहतीच्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू शून्य येतो. ते स्वयंपाकघरात कोणी आणणार नाही. मग शिरका आपण जिभेवर कसा ठेवतो?

कारण ॲसिटिक आम्ल सौम्य आहे. त्याचा विचरण स्थिरांक २५ अंश सेल्सिअसला सुमारे ०.००००१८. त्याला संहतीने, म्हणजे येथे एकाने, गुणून वर्गमूळ काढले की हायड्रोजन आयनांची संहती मिळते : सुमारे ०.००४२. सामू २.३७. हजार रेणूंपैकी जेमतेम चार आपला हायड्रोजन सोडतात, उरलेले तो धरून ठेवतात. मात्र सोडा घालून आम्लता मारू गेलात, तर दोन्ही आम्लांना सोडा सारखाच लागतो. सुटलेले आयन संपत जातात तसतसे राखलेले बाहेर येतात. शिरक्यात दहापट पाणी घातले तरी सामू पुरता एकाने चढत नाही, अर्ध्यानेच चढून २.८७ होतो. संहती आणि आम्लता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा मला त्या बरणीने अधिक नीट समजावले.

गृहिणींसाठी जाता जाता एक सूचना. लोणचे टिकण्यासाठी त्याचा सामू ४.६ च्या खाली असावा लागतो, नाहीतर बॉट्युलिझमच्या जंतूंना वाव मिळतो. पण कोळंबी, मसाला बरणीत गेल्यावर वरचे गणित लागू पडत नाही. तेथे मोजायलाच हवे.

यंदा एका मुलीने वेगळाच पेच आणला. हायड्रोक्लोरिक आम्लाची संहती दहाचा उणे आठ घात, सामू काढा. सूत्राने उत्तर ८ येते. “तेवढे लिही आणि पुढे जा,” असे तिला शिकवणीत सांगितले होते. ती मात्र वही मिटायला तयार नव्हती. “फादर, पाण्यात आम्ल टाकल्यावर पाणी अल्कधर्मी कसे होईल?”

हा प्रश्न तिला पडला, याचे मला फार अप्रूप वाटले. मी एवढेच विचारले, “पाण्याचे स्वतःचे आयन कुठे गेले?” शुद्ध पाण्यातही दहाचा उणे सात घात इतके हायड्रोजन आयन असतातच, म्हणजे या आम्लाच्या दहापट. त्यांना वगळून चालणार कसे? नुसती बेरीज करूनही भागत नाही, कारण आम्ल आले की पाण्याचे विचरण थोडे मागे हटते. तिने वर्गसमीकरण मांडले, दोनदा खोडले आणि नवाच्या सुमारास उत्तर काढले : ६.९८. सातच्या किंचित खाली. दिवे मालवायला आलेल्या सेवेकऱ्याला तिने ते वहीतून वाचून दाखवले.