फणेरपेटीच्या शोधात

ऐतिहासिक नाटक बसवायचे म्हटले की तलवारी मिळतात, ढाली मिळतात, पगड्या तर डझनावारी मिळतात. ड्रेपरीवाल्याला नुसते ‘पेशवाई’ म्हणायचा अवकाश, तो झिरमिळ्यांसकट दरबार तुमच्या दारात आणून ठेवतो. मिळत नाही ती साधी फणी! राज्ये कशी मिळवली याची साधने आपण जपून ठेवली. केस कसे विंचरले याची साधने मात्र मोडीत घातली.

आमच्या सांगलीला नाटकाचे वेड नवे नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ केले ते याच गावी. तेव्हा आमच्या कॉलेजच्या पोरांनी स्नेहसंमेलनासाठी थोरल्या माधवरावांवर स्वतःच नाटक लिहिले, यात नवल नाही. काळ १७६१ ते १७७२. पहिल्याच प्रवेशात रमाबाई वेणीफणी करीत बसलेल्या आणि समोर सासूबाई, गोपिकाबाई. तालमीला रमाबाई झालेली मुलगी प्लॅस्टिकचा गुलाबी कंगवा, भिंतीवरचा आरसा आणि चिकटवायची टिकली घेऊन आली. प्लॅस्टिक आणि चिकटवायची टिकली ही तर पेशव्यांनंतरची प्रजा! मी कागदावर यादी केली आणि शनिवारी पहाटेची पुण्याची एस.टी. पकडली.

कराड, सातारा, खंबाटकीचा घाट आणि शेवटी कात्रज पार करून स्वारगेटला उतरलो, तो थेट बाजीराव रस्त्याने नातूबागेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात शिरलो. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता करणाऱ्या दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास हा संग्रह सुरू केला, अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्याला दिले आणि १९७५ साली सारे शासनाच्या स्वाधीन केले. इतर संग्रहालयांत राजे भेटतात. इथे घर भेटते. अडकित्ते, दिवे, करंडे, लाकडी नि हस्तिदंती फण्या. आणि पाय घासायच्या वज्र्या! पितळेच्या, मातीच्या, कुणाच्या पाठीवर पक्षी, कुणाच्या पाठीवर प्राणी. टाच घासायच्या वस्तूवरही कारागिराने जीव लावावा, हे पाहून मी बराच वेळ तिथेच रेंगाळलो.

परंतु संग्रहालयातली वस्तू डोळ्यांसाठी असते, नाटकासाठी नव्हे. परवानगी घेऊन मी वहीत आकृत्या काढल्या. फणेरपेटी म्हणजे बायकांच्या शृंगाराची पेटी. झाकण उघडले की आतल्या बाजूला आरसा, खाली कप्पे, त्यांत फणी, कुंकवाचा करंडा, मेणाची डबी, काजळाची डबी. मेण कशाला, असे आजच्या मुली विचारतात. कोरडे कुंकू कपाळावर ठरत नाही. आधी बोटाने मेणाचा ठिपका लावायचा आणि त्यावर कुंकू टेकवायचे. एवढे कळले की अभिनेत्रीच्या हाताला काम मिळते आणि प्रवेशाला गती येते.

आणखी एक गोष्ट तिथेच ध्यानात आली. पेटी बुटकी असते, कारण तिच्यापुढची बाई जमिनीवर बसलेली असते. झाकण कलते ठेवले की आरसा बरोबर तिच्या तोंडासमोर येतो. उभ्याने तोंड पाहायची सवय ही आरशाच्या टेबलाबरोबर आली. वस्तू बदलली की बसणे बदलते, आणि बसणे बदलले की माणूसच वेगळे दिसते.

तिथून तुळशीबाग हाकेच्या अंतरावर. पेशवाईत नारो अप्पाजी खिरे यांनी इथे रामाचे देऊळ बांधले. आज रामाच्या दर्शनाला जायचे तर पिना, रिबिनी आणि बांगड्या यांच्या सैन्यातून वाट काढावी लागते. एका दुकानदाराला मी लाकडी फणी मागितली.

“उवांची हवी की विंचरायची?” त्याने विचारले.

“रमाबाई पेशव्यांची,” मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे एकवार पाहिले आणि म्हणाला, “मग विंचरायचीच द्यायला हवी!”

पितळी करंडा आणि काजळाची डबी तिथेच मिळाली. हस्तिदंती फणीचे नावही काढायचे नाही, हे मला ठाऊक होते. वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ आणि १९९१ साली दुरुस्त्या होऊन हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, आणि हत्तींच्या दृष्टीने ते फार बरे झाले. लाकडी फणीला फिकट पिवळा रंग दिला की चौथ्या रांगेपासून ती हस्तिदंतीच दिसते.

पुरुषांचे काम त्या मानाने सोपे. न्हाव्याची चामड्याची धोपटी, तीत वस्तरा, चिमटा, नखे काढायची नराणी, पाण्याची वाटी. परंतु या धोपटीचा संबंध बायकांशीही आला, हे विसरून चालत नाही. विधवेचे केशवपन याच वस्तऱ्याने होई. आणि १८९० साली मुंबईच्या नाभिकांनी सभा भरवून, आम्ही हे काम करणार नाही, असे ठरवले. सुधारकांच्या ग्रंथांइतकेच त्या मिटलेल्या वस्तऱ्यांचे मोल आहे.

राहिली ती पेटी. आमच्या एका सहकाऱ्यांच्या मावशी नारायण पेठेत राहतात; वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी माळ्यावरून काढून ठेवलेली पेटी माझ्यापुढे सरकवली. शिसवी लाकूड, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या. आरशाचा पारा ठिकठिकाणी उडालेला. मेणाची डबी उघडली, तर मेण दगडासारखे झालेले आणि त्याच्या मधोमध बोटाची एक लहानशी खळी.

“ते सासूबाईंचं बोट,” आजी म्हणाल्या. “बाविसाव्या वर्षी कपाळ पुसलं त्यांचं. त्या दिवशी ही पेटी मिटली, ती त्यांनी परत उघडली नाही. पण विकूही दिली नाही हो कुणाला.”

मला काय बोलावे सुचेना. आजींच्या कपाळावर मात्र ठसठशीत कुंकू होते, आणि समोर भिंतीवर आजोबांच्या तसबिरीला हार. माझी नजर त्यांनी ओळखली.

“चार वर्षं झाली यांना जाऊन. मी लावते. माझ्या कपाळाचं मी बघीन!” आणि मग एकदम म्हणाल्या, “मास्तर, तुमच्या नाटकात गोपिकाबाई कोण करतंय? पेटी न्या, पण आधी त्या मुलीला दाखवा.”

आजींची अट मी तंतोतंत पाळली. सांगलीला परतल्यावर पेटी पहिल्यांदा उघडली ती गोपिकाबाई झालेल्या मुलीने. तिची तक्रार होतीच, “सर, सगळ्यांच्या यादीत काही ना काही आहे, माझ्या यादीत काहीच कसं नाही?” नानासाहेब पेशवे १७६१ च्या जूनमध्ये पर्वतीवर वारले. त्यानंतर गोपिकाबाई १७८८ पर्यंत जगल्या. म्हणजे सत्तावीस वर्षे त्यांच्या यादीत काहीच नव्हते. मुलीने मेणातली ती खळी पाहिली, आपले बोट तिच्यावर हलकेच टेकवले आणि डबी मिटली. पुन्हा तिने तक्रार केली नाही.

मूळ पेटी मापे घेऊन मी आजींना परत पोचवली. आमच्या गावच्या सुताराने तिच्याबरहुकूम दुसरी केली. नवा आरसा दिव्यांत फार चमके, म्हणून त्यावर साबणाचा पातळ हात फिरवला. तो आपोआप जुना झाला. प्रयोगाच्या रात्री रमाबाई फणी फिरवीत होत्या आणि गोपिकाबाई काही न करता, रिकामे हात मांडीवर ठेवून, नुसत्या त्या पेटीकडे पाहत होत्या. शेवटच्या प्रवेशात, १७७२ च्या थेऊरला, रमाबाई सती जाण्यापूर्वी तीच पेटी शेवटची उघडतात. एका पेटीपुढे दोन बायका, आणि दोघींपुढचे दोन रस्ते, तिसरा नाही. लेखक मुलांनी हे शब्दांत सांगायला एक लांबलचक स्वगत लिहिले होते. ते त्यांनी आपणहून गाळले.

शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला. जोती उरली, तट उरले. आतल्या बायकांच्या फण्या-करंड्यांचे काय झाले, कुणी सांगावे? ज्या उरल्या त्या तुमच्या-आमच्या माळ्यांवर आहेत. दिवाळीच्या साफसफाईत एखादी जुनी पेटी हाताला लागली, तर ती भंगारवाल्याच्या तराजूत टाकण्यापूर्वी एकदा उघडून पाहा. आणि ती शेवटची कोणी मिटली, कोणत्या दिवशी मिटली, एवढे घरातल्या वडीलधाऱ्या बाईमाणसाला विचारून ठेवा.