सातशे डॉलरचा डबा

बजेट ठरलं की आमच्या घरी बाबा वही काढायचे. मी एक्सेल काढतो, एवढाच काय तो पीएचडीचा फायदा.

गोष्ट ऑक्टोबर २०२२ची. गेम खेळायला एक डेस्कटॉप स्वतःच्या हातांनी जोडायचा आणि सातशे डॉलरच्या वर एक छदाम घालवायचा नाही, असं बायकोला कबूल करून बसलो होतो. (टॅक्स वेगळा. तो तिला नंतर सांगितला.)

मुहूर्त बरा होता. २०२१मध्ये ग्राफिक्स कार्डांचे भाव असे होते की नुसती लांबून बघावीत आणि घरी यावं. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियमने आपली पद्धत बदलली, कार्डांवर नाणी 'खणायचा' धंदा बसला आणि आधीच उतरू लागलेले भाव आणखी उतरले. वापरलेल्या कार्डांचाही बाजारात पूर आला. पण दिवसरात्र राबवलेलं कार्ड घ्यायची माझी छाती झाली नाही.

तर मंडळी, स्वस्तातल्या मशीनचं गणित असं. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर एका चित्राच्या वाट्याला जेमतेम १६.७ मिलिसेकंद येतात. चित्रात कोण कुठे उभा आहे हे प्रोसेसर ठरवतो, ते रंगवायचं काम ग्राफिक्स कार्डाचं. बहुतेक गेममध्ये दमछाक होते ती रंगाऱ्याची. म्हणून सगळ्यात मोठा घास त्याला: रेडिऑन आरएक्स ६६००, २४० डॉलर. प्रोसेसर सहा कोअरचा रायझन ५ ५६००, १५० डॉलर, पंखा सोबत फुकट. त्याच सप्टेंबरात एएमडीचं नवं एएम५ सॉकेट आलं होतं, पण त्याला महागडी डीडीआर५ मेमरीच लागते. आपण आपलं जुनं एएम४ धरलं. मदरबोर्ड १०० डॉलर. मेमरी १६ जीबी, ५० डॉलर. पण एक मोठी पट्टी न घेता आठ-आठच्या दोन, म्हणजे डेटाला ये-जा करायला दोन रस्ते मिळतात. एक टीबीची एसएसडी ८०, कॅबिनेट ६०, पॉवर सप्लाय ७०.

बेरीज ७५०. पन्नास डॉलर जास्त!

आणि वीस डॉलरचा एक पॉवर सप्लाय समोरच दिसत होता. वर ठसठशीत '५०० वॅट' लिहिलेलं. माझ्या कार्डाचे १३२ वॅट, प्रोसेसरचे ६५, बाकी किरकोळ धरलं तरी अडीचशेच्या आसपास. पाचशे म्हणजे दुप्पट झाले की! तो घेतला तर बरोबर पन्नास वाचत होते. एक्सेलमध्ये ७०च्या जागी २० टाकले, बेरीज चोख ७०० आली... आणि मला सांगलीचं दुकान आठवलं.

२००२ साल, मी सातवीत. बाबा पतसंस्थेचे हिशेब संध्याकाळी घरी टाइप करून द्यायचं काम घेणार होते, त्यासाठी असेंबल्ड पीसी घ्यायचा होता. मी वूफरवाल्या स्पीकरसाठी हटून बसलो. दुकानदार म्हणाला, "साहेब, एसएमपीएस जरा साधा टाकतो, म्हणजे त्याच पैशात स्पीकर बसतील." बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. एसएमपीएस म्हणजे काय हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

दोन वर्षांनी एका संध्याकाळी लाइट गेली, आली, परत गेली, परत आली आणि डब्यातून धूर निघाला. मदरबोर्ड गेला, हार्ड डिस्क गेली, तीन महिन्यांचे हिशेब गेले. बाबांनी पुढे कितीतरी रात्री जागून ते पुन्हा वहीत लिहून काढले. स्पीकरचं नावही काढलं नाही.

आता कळतं काय झालं असेल ते. भिंतीतल्या विजेचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून सगळ्यांना वाटायचे, हे त्या डब्याचं काम. चांगल्या सप्लायमध्ये व्होल्टेज हाताबाहेर गेलं की स्वतःच बंद पडायची सोय असते. स्वस्तातल्यात पहिली कात्री तिथेच लागते. तो मरताना एकटा मरत नाही. आणि गंमत म्हणजे त्याने एक फ्रेमही वाढत नाही, त्यामुळे कापायला हात तिथेच जातो. वॅटचा आकडा काय, छापला की झालं. '८० प्लस'चा शिक्का असला तरी तो वीज किती वाया जात नाही एवढंच सांगतो. संरक्षणाच्या सोयी वेगळ्या तपासाव्या लागतात.

२०च्या जागी परत ७० टाकले. एसएसडी अर्ध्या टीबीची केली, तीस वाचले. काचेचं, दिव्यांचं कॅबिनेट सोडून साधा पत्र्याचा डबा घेतला, वीस वाचले. झाले सातशे.

मशीन चालू झालं त्या रात्री बाबांना फोन केला. सगळं सांगितलं, वीस वर्षं पोटात ठेवलेलं स्पीकरचंसुद्धा. "बाबा, तुम्ही तेव्हा मला एक ठेवून का नाही दिलीत?"

ते हसले. म्हणाले, "अरे, मान मीही डोलावलीच होती की. आणि आवाज छान होता हो त्या स्पीकरचा."

डबा अजून चालू आहे. अर्धा टीबी मात्र कधीच भरला. एक गेम टाकायचा तर एक काढावा लागतो.