गुंतवळ

आमच्या न्हाणीघराच्या दाराला एक खिळा आहे आणि त्या खिळ्याला जुन्या सलवारीच्या कापडाची एक थैली टांगलेली असते. विंचरताना कंगव्यात येणारं गुंतवळ बोटाला गुंडाळायचं आणि त्या थैलीत टाकायचं, हा दादीचा नियम. ‘केसांवर भांडीऽऽ’ अशी आरोळी देत बाया आमच्या गल्लीतूनही जातात. शेजारपाजारच्या बायका गुंतवळाच्या बदल्यात वाटी, चमचा, डबी घेतात. दादीनं मात्र आम्हांला कधी घेऊ दिलं नाही. माणसाच्या अंगाची चीज विकायची नसते, मातीची आहे ती मातीत जाऊ दे, असं ती म्हणायची. थैली भरली की परसात डाळिंबाच्या बुडाशी खड्डा करून ती रिकामी करायची. घरात केस विंचरणाऱ्या पाचजणी: दादी, अम्मी, भाभी आणि आम्ही दोघी बहिणी. एवढ्या जणींची थैली भरायला चार-पाच महिने लागत.

२०१९ च्या नोव्हेंबरात ती तीन आठवड्यांत भरली.

थैली हातात घेऊन दादीनं आम्हांला परसात बोलावलं, तेव्हा कुठं एकीचं दुसरीला कळलं. तोवर प्रत्येकीला वाटत होतं की हे संकट आपल्या एकटीवरच आलंय. थोरली शाळेत शिकवते. वेणीला रबर दोन वेढ्यांत बसायचं, ते तीन वेढे मागू लागलं होतं. धाकटी रोज पहाटे उशीवरचे केस गुपचूप गोळा करीत होती. भाभी मोरीची जाळी दुसरं कुणी उठायच्या आत साफ करीत होती. एका छपराखाली राहून आम्ही एकमेकींपासून केस लपवीत होतो. डोक्यावर ओढणी असली की लपवणं सोपंही जातं.

धाकटीची भीती सगळ्यांत मोठी होती. तिच्या निकाहाची बोलणी चालली होती. मुलगी बघायला आलेल्या बाया लाडानं जवळ घेतात, पाठीवरून हात फिरवतात आणि तो हात वेणीशी येऊन थांबतो, हे आमच्या घरी सगळ्यांना ठाऊक आहे.

मग इलाज सुरू झाले. कांद्याचा रस लावून झाला. घराला आठ दिवस वास येत होता. मेथी वाटून झाली, अंडं फेटून झालं, जास्वंदीचं तेल कढवून झालं. शाम्पू बदलला. बोअरच्या पाण्याला दोष दिला. दादीनं नजर उतरवली. केस धुतले की जास्त जातात असं दिसलं, म्हणून धुणंच कमी केलं. त्यानं डोक्यात कोंडा आणि खाज झाली, आणि जे केस जायचे ते जातच राहिले.

शेवटी डिसेंबरात आम्ही दोघी आणि भाभी सरकारी दवाखान्यात त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. सोबतीला अम्मी होती. बाईंनी आमचे केस चिमटीत धरून हलकेच ओढले. पाच-सहा केस बोटांत आले. त्यातला एक उजेडात धरून त्यांनी टोकाची पांढरी गाठ दाखवली. आम्ही घाबरूनच होतो, कारण ती गाठ आम्ही घरीही पाहिली होती आणि केस मुळासकट उपटून येतोय असं समजत होतो. बाई म्हणाल्या, हे मूळ नव्हे. केसाचं मूळ कातडीत आत शाबूत असतं. ही गाठ म्हणजे केसाची मुदत संपली, एवढीच खूण.

मग त्यांनी विचारलं, “ऑगस्टमध्ये काय झालं होतं?”

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. सांगलीच्या माणसाला ऑगस्ट २०१९ मध्ये काय झालं, असं विचारायचं? कृष्णेचं पाणी घरात शिरलं होतं. भाभीचं बाळ सव्वा महिन्याचं होतं. आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी मिरजेला खालाच्या घरी गेलो. एका खोलीत अकरा माणसं. १२ ऑगस्टची बकरी ईद आम्ही साजरी केली नाही, कशीबशी उरकली. थोरलीला तिथंच ताप भरला, तो आठ दिवस उतरला नाही. धाकटी परत आल्यावर महिनाभर चिखल उपसत होती आणि तिच्या पोटात अन्न ठरत नव्हतं.

बाईंनी हिशेब समजावला, तो असा. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यांतले बहुतेक, शंभरातले पंच्याऐंशी-नव्वद, वाढत असतात आणि ही वाढ दोन ते सहा वर्षं चालते. उरलेले विश्रांतीला बसलेले असतात. ते तीनेक महिने जागेवर थांबतात आणि गळतात. रोज पन्नास ते शंभर केस जाणं म्हणूनच निरोगी माणसाचंही असतं. पण मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, उपासमार किंवा जिवाला मोठा धक्का बसला की शरीर आपली ताकद जगण्याच्या कामाला लावतं. केस वाढवणं हे त्याच्या लेखी चैनीचं काम. वाढणारे पुष्कळ केस एकदम विश्रांतीला बसतात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. म्हणजे केस गळतात आज, पण त्याचं कारण तीन महिने जुनं असतं. आम्ही शाम्पूत आणि पाण्यात जे शोधत होतो, ते ऑगस्टातल्या पुरात होतं. भाभीला तर बाळंतपण पुरेसं होतं. बाळ चार महिन्यांचं होताना आईचे केस असेच जातात आणि बाळ वर्षाचं होईपर्यंत बहुधा भरून येतात.

भाभी रडली. बाळाचा अकीका झाला, तेव्हा त्याच्या जावळाच्या वजनाइतकी चांदी आम्ही खैरात केली होती. त्याच्या आईचे केस मात्र तीन महिने झाडूनं जात होते आणि तिनं एका शब्दानं कुणाला सांगितलं नव्हतं.

आम्ही उठलो. बाईंनी अम्मीकडे पाहिलं. “आणि तुमचं?”

“मेरेकू कुछ नै हुआ,” अम्मी म्हणाली. ती नेहमी हेच म्हणते.

बाईंनी उठून दार लावलं, पडदा ओढला. अम्मीनं ओढणी काढली. आम्ही तिच्या पोटच्या मुली, पण तिचं डोकं भर उजेडात कधी पाहिलं होतं, ते आठवेना. ती फज्रच्या आधी, सगळे झोपेत असताना विंचरते. भांग दोन बोटं रुंद झाला होता. माथ्यावरची कातडी दिसत होती. बाईंनी केसांना हातही लावला नाही. त्यांनी आधी अम्मीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, मग नखं. आणि आम्हांला बाहेर न पाठवता पाळीबद्दल विचारलं. अम्मी खाली बघत म्हणाली, दोन वर्षं झाली, महिन्यातले बारा-बारा दिवस जातं. वयाचं असेल म्हणून बोलले नाही.

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सात. बाईला बारा तरी हवं. सोनोग्राफीत गर्भपिशवीत गाठी निघाल्या. जिना चढताना अम्मी मध्येच थांबायची, ते आम्ही गुडघ्यांवर घातलं होतं. आणि तिच्या ताटाचं सांगायला आम्हांला लाज वाटते. आमच्या घरी मटण शिजतं. बोट्या आणि कलेजी अब्बांना, भाईला, मुलांना, मग आम्हांला. अम्मी शेवटी बसते आणि शोरब्यात भाकरी कुस्करून खाते. वर लगेच कपभर चहा, जो अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. शरीरातलं लोह संपत आलं की केसही ते सांगू शकतात. अम्मीचे केस दोन वर्षं सांगत होते. ते ओढणीखाली होते, आणि आम्ही कुणी ओढणी सरकवून बघितलं नाही. आमचे दहा केस उशीवर दिसले, तर आम्ही दवाखाना गाठला.

फेब्रुवारी २०२० मध्ये अम्मीचं ऑपरेशन झालं. त्याआधी रक्त चढवावं लागलं. लोहाच्या गोळ्या त्यानंतरही कित्येक महिने चालू होत्या. महिनाभरात टाळेबंदी लागली. ऑपरेशन लांबलं असतं तर काय झालं असतं, हा विचार आम्ही अजूनही पुढं नेत नाही.

आमचे केस उन्हाळ्यापर्यंत आपोआप गळायचे थांबले. कपाळावर बोटभर नवे केस उभे राहू लागले. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, तेव्हा वेणी पहिल्यासारखी व्हायला वर्ष-दीड वर्ष धीर धरावा लागला. कांदा, अंडं यांनी काही झालं नव्हतं आणि काही अडलंही नव्हतं. अम्मीचे केस पुष्कळ भरले, सगळे नाही. काही जाणं वयाचं आणि घराण्याचं होतं. त्यावर माथ्याला लावायचं औषध आहे, पण ते चालूच ठेवावं लागतं, असं बाईंनी सांगितलं. अम्मी म्हणाली, “जितने हैं उतने बस.”

घरातल्या काही सवयी मात्र बदलल्या. पूर्वी आंघोळ झाली की ओल्या केसांचाच अंबाडा घालून वर स्कार्फ बांधायचा, कारण शाळेची, स्वयंपाकाची घाई. आता आधी केस वाळवतो. स्कार्फनं केस जात नाहीत, पण घट्ट आवळलेल्या अंबाड्यानं आणि रोज त्याच जागी ओढणाऱ्या पिनांनी कपाळाकडचे केस मागं सरतात. वेळीच सैल केलं तर ते परत येतात, वर्षानुवर्षं ओढत राहिलं तर येत नाहीत. स्कार्फखालची टोपी सुती वापरतो आणि रोज धुतो. कोंडा झाला की तेल थापून ठेवत नाही, कारण कोंड्यामागची बुरशी त्या तेलकटपणावरच पोसते. त्यासाठी बुरशीवरचा औषधी शाम्पू असतो. ‘काळी मेहंदी’ घरात येत नाही. मेहंदीचा रंग तांबूस असतो. काळा होतो तो त्यात मिसळलेल्या रसायनानं, आणि थोरलीला त्यानंच कानामागं पुरळ उठलं होतं. आणि डोक्यावर गोल चाई पडली, कातडी लाल झाली, पू आला, भांग रुंद होत चालला किंवा केसांबरोबर थकवाही असला, तर घरगुती इलाजात दिवस घालवत नाही.

धाकटीचा निकाह टाळेबंदी उठल्यावर झाला. बघायला आलेल्या बाईंचा हात वेणीशी आला, तेव्हा थोरलीनं सरळ सांगितलं, पुराच्या वेळी गेले होते, आता येतायत. त्या बाई म्हणाल्या, हमारे भी गये थे.

दादी २०२१ मध्ये गेली. थैली त्याच खिळ्याला आहे. जुम्म्याला न्हाणं झालं की आम्ही परसात डाळिंबाशेजारी बसतो, धाकटी माहेरी आलेली असली तर तीही असते, आणि उन्हात एकमेकींचे भांग उकलून बघतो. पहिली पाळी अम्मीची. ती अजूनही म्हणते, मेरेकू कुछ नै हुआ. आम्ही तिची ओढणी काढून खांद्यावर ठेवतो आणि बघतो.